कंदिलापासून रेडियमपर्यंत : रस्त्यावर दिसण्याचा इतिहास

दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात अंकलीहून दोन घोडे निघतात. अंकली म्हणजे आपल्या उदगावच्या पुलापलीकडची नव्हे, चिकोडी तालुक्यातली, शितोळे सरकारांची. मिरज, सांगली, कराड, सातारा करत, पुढे पुण्यावरून ते आळंदीला पोचतात आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट धरतात. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसलेली असते अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आरफळच्या हैबतबाबांनी १८३२च्या सुमारास पालखी सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हा घोडे, तंबू वगैरे लवाजमा पुरवला तो याच शितोळ्यांनी. ती चाल आजही चालू आहे. बदलला आहे तो रस्ता. १८३२ साली या वाटेवर घोड्यापेक्षा वेगानं जाणारं काहीच नव्हतं. आज त्याच घोड्यांना पुणे-बंगळूर महामार्गाच्या वाहतुकीतून वाट काढावी लागते.

स्मरणिकेसाठी 'काहीही लिही, पण शाळेच्या आठवणीच लिहिल्या पाहिजेत असं नाही' असा निरोप आला, म्हणून हा विषय घेतला. आपल्या बॅचमध्ये शेतकरी आहेत, यंत्रमागवाले आहेत, कारखान्याला ऊस घालणारे आहेत आणि आई-वडील वारीला जातात असे तर निम्मे असतील. म्हणजे रस्त्यावरून हळू जाणारं माणूस किंवा जनावर प्रत्येकाच्या घरात आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ची बातमी तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूरजवळच्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीला चालली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, दिवस मावळल्यावर, मागून आलेली मोटार दिंडीत घुसली. सात वारकरी गेले. चूक कुणाची हे ठरवायला पोलीस आणि न्यायालय आहे. माझ्या डोक्यात राहिलेला प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावर आपण दिसावं याची जबाबदारी हळू जाणाऱ्यावर कधी आणि कशी आली?

कारण सुरुवातीला ती उलट होती. १८६५ साली इंग्लंडमध्ये वाफेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी कायदा झाला. गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एका माणसानं लाल झेंडा घेऊन पायी चालायचं. कशासाठी, तर समोरून येणाऱ्या घोडेस्वाराला आणि घोडागाडीला आधी कळावं म्हणून. यंत्र नवं होतं, रस्ता घोड्याचा होता, तेव्हा ओळख देण्याचं काम यंत्राचं. १८९६ मध्ये ते बंधन गेलं, पण बुजलेल्या घोड्याच्या मालकानं हात केला तर मोटार थांबवावी हा नियम राहिला.

आणि गंमत म्हणजे तो आपल्याकडे अजून आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३२. जनावर बुजेल, आवरणार नाही, अशी भीती वाटून त्याच्याबरोबरच्या माणसानं थांबायला सांगितलं, तर वाहनचालकानं थांबलंच पाहिजे. मेंढरांचा कळप आणि सामानानं लादलेली तट्टं घेऊन रस्त्यानं जाणाऱ्या धनगराला हा हक्क आहे. बैलगाडीवाल्याला आहे. अंकलीच्या स्वाराला आहे. लायसन्सच्या परीक्षेत आपल्यापैकी कुणाला हा प्रश्न आला असेल तर मला जरूर सांगा.

प्रत्यक्षात मात्र शतकभरात पारडं फिरलं. मोटारी वाढल्या, वेग वाढला आणि 'मी इथे आहे' हे सांगण्याचं ओझं मोटारीकडून घोड्याकडे, बैलाकडे, पायी चालणाऱ्याकडे आलं. आपल्याकडे त्याची पहिली खूण म्हणजे बैलगाडीखालचा कंदील. पंचगंगा कारखान्याकडे पहाटे ऊस घेऊन जाणाऱ्या गाड्यांची रांग आठवा. जूखाली मान घातलेले बैल, वर झोपलेला गाडीवान आणि आसाखाली झुलणारा पिवळा उजेड. तो कंदील गाडीवानाला वाट दिसावी म्हणून नव्हताच. बैलाला वाट पाठ असायची. तो दुसऱ्यासाठी होता. पण कंदिलाचा उजेड जेमतेम, काच काजळलेली, वरून उसाची मोळी मागं लोंबून त्याला झाकून टाकणार.

बेंदराला आपण बैलांना आरशाच्या भिंगांची झूल घालतो. ती दिवसा लखलखते, मग रात्री का नाही? हे नववीच्या प्रकाशाच्या धड्यातच आहे. सपाट आरसा आलेला किरण त्याच कोनात पलीकडे टाकतो. मोटारीचा उजेड झुलीवर पडला तर तो भलतीकडेच, शेतात जातो, चालकाच्या डोळ्यात नाही. वारकऱ्याचं पांढरं धोतर उजेड सगळीकडे विखुरतं, त्यातला थोडासाच मोटारीकडे परततो. हवं असतं ते तिसरंच काही : उजेड जिथून आला तिथेच परत पाठवणारं. बारीक काचेचे मणी किंवा कोपऱ्यासारखे कापलेले लोलक हे काम करतात. रात्री मांजराचे डोळे चमकतात ते साधारण असंच. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉनं १९३४ मध्ये याच नावानं, म्हणजे 'कॅट्स आय' म्हणून, रस्त्यात बसवायच्या भिंगांचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात दिव्यांवर बंदी आली आणि त्या भिंगांना मागणी आली. अमेरिकेत थ्रीएम कंपनीनं त्याच दशकाच्या अखेरीस काचेच्या मण्यांचा चिकट पत्रा काढला. आज ट्रॉलीच्या मागे चिकटवतात ती पट्टी त्याचीच नात.

तिला आपण 'रेडियम' म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर खरा रेडियमचा रंग असायचा, तो अंधारात स्वतः चमकायचा आणि तो लावणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या मुलींचे जीवही त्यानं घेतले. आपली पट्टी स्वतः चमकत नाही, दुसऱ्याचा उजेड त्याचा त्याला परत देते. पण नाव चिकटलं ते चिकटलं. नंबरप्लेट करणारा आजही 'रेडियमवाला'च.

माझा सगळ्यात आवडता टप्पा फिनलंडचा आहे. तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधारतं. पेर्तेली गावच्या आर्वी लेहती या प्लास्टिकवाल्यानं परावर्तक बनवला तो आधी आपल्या घोडागाड्यांना धक्का लागू नये म्हणून. मग १९६०च्या दशकात तोच तुकडा दोरीला बांधून माणसांच्या कोटावर लटकू लागला. म्हणजे माणसाआधी घोडा. आज तिथे अंधारात पायी चालणाऱ्यानं परावर्तक वापरावा असं वाहतूक कायदाच सांगतो.

झगझगीत जाकिटाचं दुसरं अंग म्हणजे त्याचा रंग. तो रात्रीचा नव्हे, दिवसाचा मामला. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्विट्झर भावांनी अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या रंगात परत देणारे रंग बनवले. महायुद्धात त्या रंगाचे कापडी फलक जमिनीवर पसरून विमानांना खूण केली जायची. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं ग्लासगोतल्या विजेच्या मार्गावर काम करणाऱ्यांना अशी नारिंगी जाकिटं देऊन पाहिली. तिथून ती रस्त्यावरच्या मजुरांकडे, पोलिसांकडे आणि मग घोडेस्वारांकडे आली. दिवसाच्या उजेडात आपला डोळा हिरवट पिवळ्याला सगळ्यात तिखट असतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं न्हालेली गर्दी दोन शेतं पलीकडून का डोळ्यात भरते, याचं उत्तर त्यात आहे. हळदीतलं कुरकुमीनही अतिनील उजेडात थोडंफार चमकतंच. धनगरांनी यासाठी भंडारा उधळला असं मी म्हणत नाही! पण दिवस मावळला की तो रंगही विझतो, जाकिटाचाही. मग राहते फक्त पट्टी.

'आम्ही नाही लावणार' असंही काहींनी म्हटलं, आणि तो प्रसंग मला फार शिकवणारा वाटतो. अमेरिकेतले आमिश लोक मोटार वापरत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात केन हार्कनेस यांनी सावकाश चालणाऱ्या वाहनांसाठी नारिंगी त्रिकोण तयार केला, मुख्यतः ट्रॅक्टरसाठी. पुढे तो बग्ग्यांनाही सक्तीचा झाला. आमिशांतल्या काही कडव्या गटांनी भडक रंग धर्माला धरून नाही म्हणून नकार दिला. मिनेसोटात खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला. १९९०च्या निकालानं त्यांना रुपेरी पट्टी आणि कंदील यावर भागवण्याची मुभा दिली. म्हणजे दिसायचं ते ठरलं, पण कसं दिसायचं ते त्यांच्या रीतीनं. माझ्या मते आपल्याकडे नेमका हाच विचार राहून जातो. अंकलीच्या स्वाराला मजुराचं हिरवं जाकीट चढवा म्हटलं तर तो ऐकणार नाही, आणि त्यानं का ऐकावं?

बरं, पट्टी लावायची तर कुठे? आपल्याला वाटतं पाठीवर मोठी लावली की झालं. स्वीडनमध्ये गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधारात माणसाच्या सांध्यांना फक्त छोटे दिवे लावले. माणूस उभा असताना बघणाऱ्याला नुसते ठिपके दिसतात, तो चालू लागला की क्षणात कळतं, माणूस आहे. पाठीवरची पट्टी अंधारात पाटी वाटू शकते, खांब वाटू शकतो. घोट्याची हलणारी पट्टी पायच वाटते. म्हणून ब्रिटनचे वाहतूक नियम शक्यतो रात्री घोड्यावरून जाऊच नका म्हणतात आणि जावंच लागलं तर घोड्याच्या पायांना, घोट्याच्या वर पट्ट्या बांधा असं सांगतात. तेच नियम २०२२ पासून मोटारवाल्यालाही बजावतात : घोड्याजवळून ताशी दहा मैलांखाली, किमान दोन मीटर अंतर ठेवून जा. ओझं थोडं तरी परत मोटारीकडे सरकलं.

हिशेबही करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेलेच. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी तेवढेच. डिपरच्या उजेडात काळी घोंगडी पांघरलेला माणूस ७० मीटरवरून दिसत नाही. पट्टी दिसते.

आता माझ्या धंद्याकडे येते. मी मोटारींच्या कॅमेऱ्यामागच्या सॉफ्टवेअरवर काम करते. समोर माणूस आला की गाडीनं स्वतः ब्रेक लावायचा, असं ते काम. या क्षेत्रात सगळ्यात गाजलेल्या जुन्या चित्रसंग्रहांपैकी एक २०१२ मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूहचा. त्यात मोटार, ट्रक, ट्राम, सायकलस्वार, पादचारी असे गट आहेत. घोडा नाही, बैलगाडी नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांचा संग्रह केला तेव्हा कुठे जनावरं आणि रिक्षा त्यात शिरल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं एक चाचणी जाहीर केली, तिनं आम्हा सगळ्यांची झोप उडवली. तीन मोटारींसमोर रात्री माणसाचा पुतळा आणला, कधी काळ्या कपड्यात, कधी परावर्तक पट्ट्या लावून. त्यातल्या दोन मोटारींनी पट्टीवाल्या पुतळ्याला बहुतेक वेळा थेट धडक दिली. माणसाच्या डोळ्याला जे सगळ्यात ठळक, तेच त्या कॅमेऱ्यांना कळलं नाही. पट्टीमुळे माणसाचा आकार तुटला आणि यंत्रानं त्याला माणूस मानलं नाही. १८६५ मध्ये यंत्रानं झेंडा घेऊन पुढे चालायचं होतं. २०२५ मध्ये वारकऱ्यानं कपडे निवडताना माणूस आणि कॅमेरा दोघांचाही विचार करायचा का? मला हे मान्य नाही. कॅमेरा शिकवणं आमचं काम आहे आणि ते होईल. पण आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांत अजून कॅमेरा नाही, डोळा आहे. तोवर पट्टी हवीच.

म्हणून मेळाव्याला येताना एक प्रश्न घेऊन येते आहे. तो आपल्यातल्या यंत्रमागवाल्यांसाठी आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव आणि आपलं कबनूर धोतर-साडीपासून काय काय विणत आलं. परावर्तक पत्र्याचे बारीक काप करून केलेलं सूत बाजारात मिळतं. वारकऱ्याच्या पांढऱ्या उपरण्याच्या काठात ते विणता येईल का? दिवसा करडा काठ दिसेल, रात्री दिव्यात उजळेल, आणि कुणाला जाकीट घातल्यासारखं वाटणार नाही. धोतराच्या खालच्या काठात घातलं तर घोट्याशी हलेल, ते तर आणखी चांगलं. सूत मागावर टिकतं का, फणीत तुटतं का, किती धुण्यांनंतर निकामी होतं, मीटरला काय पडेल, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. नमुन्याला लागणारं सूत मी घेऊन येते. माग तुमचा.