कवेलू फेरायला अनुदान का नाही?

आपल्या खाप्याची जुनी ओळख म्हणजे कन्हान नदी आणि कोष्ट्यांचे हातमाग. माग चालायचे कवेलूच्या छपराखाली. वैशाखातही आत बसवत होतं. वानरं नाचली, गारा पडल्या की कवेलू फुटायचे. मग मिरगाआधी घर फेरायचं. फुटके काढायचे, साबूत परत लावायचे. 1865 मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कारखाना काढला, तिथून साच्यातले ‘इंग्रजी कवेलू’ पसरले. तेही एकेक बदलता यायचे.

पुढं टिन आलं, स्लॅब आला. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात पक्क्या घराला अडीच लाख मिळायचे, पण जागेचा पट्टा लागायचा. पट्टा नसेल त्याच्या गळक्या छपरावर ताडपत्रीच! घरकुल द्याच, पण तोवर छपराच्या दुरुस्तीलाही पैसे द्या. पटतं का, सांगा.