साबळे, अविनाश मुकुंद

(१३ सप्टेंबर १९९४– ). ३,००० मी. स्टीपलचेस या मध्यम पल्ल्याच्या शर्यतीतील भारतीय धावपटू. जन्म बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी, सामान्य शेतकरी कुटुंबात. आईवडील वीटभट्टीवरही मजुरी करीत. वाहनाची सोय नसल्याने बालपणी घरापासून सु. ६ किमी.वरील शाळेत त्यांना पायी अथवा धावत जावे लागे. बारावीनंतर ते महार रेजिमेंटच्या पाचव्या तुकडीत दाखल झाले. सियाचीन, राजस्थान व सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींपासून त्यांच्या स्पर्धात्मक धावण्यास प्रारंभ झाला. २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ते स्टीपलचेसकडे वळले.

या शर्यतीत २८ अडथळे व ७ पाणउड्या पार कराव्या लागतात. अडथळे भक्कम असून धक्का लागला तरी पडत नाहीत. म्हणून वेग व दम यांच्या जोडीला उडीचे तंत्र अचूक असावे लागते. हे तंत्र साबळे यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास आत्मसात करण्यास आरंभ केला. तरीही २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मि. २९·८० से. वेळ नोंदवून त्यांनी गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय उच्चांक (८ मि. ३०·८८ से.) मोडला. पुढे अनेकदा त्यांनी स्वतःचाच उच्चांक सुधारला. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) ८ मि. १८·१२ से. हा नवा उच्चांक करूनही ते अंतिम फेरी गाठू शकले नाहीत.

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडासामन्यांतील (२०२२) रौप्यपदक हा त्यांच्या कारकीर्दीतील महत्त्वाचा टप्पा होय. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही सामन्यांत या शर्यतीची तिन्ही पदके केन्याच्या धावपटूंनी मिळविली होती. साबळे यांनी ८ मि. ११·२० से. वेळ देऊन ही परंपरा खंडित केली. केन्याच्या अब्राहम किबिवोटने त्यांना अवघ्या ०·०५ सेकंदाने मागे टाकले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. हांगजो येथील आशियाई क्रीडासामन्यांत (२०२३) त्यांनी ८ मि. १९·५० से. या स्पर्धाविक्रमासह सुवर्णपदक, तसेच ५,००० मी. शर्यतीत रौप्यपदक मिळविले.

७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत त्यांनी ८ मि. ९·९१ से. असा राष्ट्रीय उच्चांक नोंदविला. त्यानंतरच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष धावपटू ठरले. तेथे त्यांचा अकरावा क्रमांक आला. २०२५ मध्ये गुमी (दक्षिण कोरिया) येथील आशियाई मैदानी स्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. मात्र जुलैमध्ये मोनॅको येथे पाणउडीच्या वेळी गुडघ्याला गंभीर इजा झाल्याने त्या हंगामातील जागतिक स्पर्धेस ते मुकले.

सहा वर्षांत साबळे यांनी राष्ट्रीय उच्चांक सु. वीस सेकंदांनी खाली आणला. त्यापूर्वीच्या ३७ वर्षांत तो जेथल्या तेथे राहिला होता. इथिओपियाच्या लामेचा गिरमाने २०२३ मध्ये केलेल्या जागतिक उच्चांकापासून (७ मि. ५२·११ से.) त्यांची सर्वोत्तम वेळ १७·८० सेकंदांनी दूर आहे. उशिरा आरंभ करूनही त्यांनी कापलेले अंतर उरलेल्या अंतरापेक्षा अधिक आहे, यातच त्यांच्या कामगिरीचे महत्त्व आहे.