बर्गरमधलं बीफ कितपत सुरक्षित? १९९३च्या साथीनंतर अमेरिकेत काय बदललं?

जानेवारी १९९३. अमेरिकेतल्या सिएटल शहरात रक्ताचे जुलाब होणारी लहान मुलं एकापाठोपाठ एक रुग्णालयात दाखल होऊ लागली. काहींच्या किडन्या निकामी झाल्या. तपासाचा माग 'जॅक इन द बॉक्स' या फास्ट फूड साखळीच्या हॅम्बर्गरपर्यंत पोहोचला. चार राज्यांत ७००हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला.

फास्ट फूडमधल्या बीफबद्दल आज जी भीती आणि जे नियम आहेत, त्यातलं बरंचसं या घटनेशी जोडलेलं आहे.

नेमकं काय झालं होतं?

आजाराचं कारण होतं ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जीवाणू. तो गुरांच्या आतड्यात राहतो आणि गुरांना सहसा त्रास देत नाही. माणसाच्या शरीरात मात्र तो शिगा नावाचं विष तयार करतो. त्यातून काही रुग्णांना, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना, 'हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम' होतो. यात लाल रक्तपेशी फुटतात आणि किडन्या बंद पडू शकतात.

त्या वेळी केंद्रीय पातळीवर बर्गर ६० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवणं पुरेसं मानलं जात होतं. वॉशिंग्टन राज्याचा नियम मात्र सुमारे ६८ अंशांचा होता. कंपनीने तो पाळला नव्हता.

धोका खिम्यातच जास्त का?

कत्तलखान्यात जीवाणू मांसाच्या पृष्ठभागावर लागतात. अखंड तुकडा बाहेरून नीट भाजला, की ते मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचा भाग आत जातो. शिवाय कारखान्यात अनेक जनावरांचं मांस एकत्र दळलं जातं. त्यामुळे एका दूषित तुकड्यामुळे मोठा साठा बाधित होऊ शकतो.

नियम कसे बदलले?

१९९४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने हा जीवाणू असलेला कच्चा खिमा 'भेसळयुक्त' ठरवला. म्हणजे तो विकणंच बेकायदा झालं. त्याआधी 'ग्राहकाने नीट शिजवावं' अशी भूमिका होती. मांस उद्योग न्यायालयात गेला, पण निकाल सरकारच्या बाजूने लागला. १९९६ मध्ये 'हॅसप' पद्धत आणली गेली. यात शेवटी तपासणी करण्याऐवजी प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर धोका कुठे आहे, हे शोधून तिथेच नियंत्रण ठेवलं जातं.

सगळ्या भीती सारख्याच आहेत का?

नाही. त्या वेगवेगळ्या आहेत.

• मॅड काऊ: मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने गुरांच्या या आजाराचा माणसांमधल्या मेंदूच्या जीवघेण्या आजाराशी संबंध असल्याची शक्यता मान्य केली. यामागचं प्रिऑन हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. त्यामुळे जनावराचा मेंदू, मज्जारज्जू असे भाग अन्नसाखळीतून वगळणं हाच उपाय ठरला.

• पिंक स्लाइम: चरबीपासून वेगळ्या केलेल्या मांसावर अमोनिया वायूची प्रक्रिया करून बनवलेला हा पदार्थ. २०१२ मध्ये त्यावरून अमेरिकेत गदारोळ झाला. सरकारच्या मते तो सुरक्षित होता. लोकांचा मुख्य राग लेबलवर त्याचा उल्लेख नसण्यावर होता.

बीफवर संशय, दोषी कांदा

२०२४ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या क्वार्टर पाउंडर बर्गरमुळे १४ राज्यांत १०४ जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. सुरुवातीला बीफवरही संशय होता. तपासात मात्र कच्चा चिरलेला कांदा हा संभाव्य स्रोत असल्याचं समोर आलं. बीफ शिजतं, कांदा कच्चाच खाल्ला जातो. त्यामुळे धोका आता फक्त मांसापुरता राहिलेला नाही.

खाणाऱ्याने काय लक्षात ठेवावं?

भारतातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये बीफ मिळत नाही. पण खिम्याचा नियम मटणालाही लागू होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानुसार बीफ किंवा मटणाचा खिमा आतून ७१ अंशांपर्यंत आणि चिकन ७४ अंशांपर्यंत शिजायला हवं. नुसत्या रंगावर विसंबू नये. काही वेळा जीवाणू मरण्याआधीच मांस तपकिरी दिसू लागतं. म्हणून फूड थर्मामीटर वापरणं चांगलं.

रक्ताचे जुलाब झाल्यास, विशेषतः लहान मुलांना, लगेच डॉक्टरांकडे न्यावं. मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारं औषध देऊ नये, कारण या संसर्गात त्यामुळे किडनीचा धोका वाढू शकतो.