मोनाल : एका तुऱ्याचा इतिहास

१. हिमालयात साधारण २,१०० ते ४,५०० मीटर उंचीवर मोनाल हा मोराच्याच कुळातील पक्षी राहतो. नराच्या डोक्यावर धातूसारखा चमकणारा हिरवा तुरा, मानेवर तांब्याची झळाळी, पाठीवर निळे-जांभळे रंग. मादी मात्र तपकिरी, फक्त गळा पांढरा. नेपाळमध्ये त्याला ‘डांफे’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘लोफोफोरस इम्पेजानस’. हे ‘इम्पेजानस’ आले कोठून?

२. १७७४ साली कलकत्त्यात सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. सर एलिजा इम्पे हे त्याचे पहिले सरन्यायाधीश. १७७५ मध्ये महाराजा नंदकुमार यांना ज्या खटल्यात फाशी झाली, त्याचे प्रमुख न्यायाधीश हेच.

३. त्यांच्या पत्नी मेरी इम्पे यांनी कलकत्त्याच्या बागेत पशुपक्ष्यांचा मोठा संग्रह केला. त्यांची चित्रे काढण्यासाठी पाटण्याचे तीन चित्रकार नेमले : शेख जैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. मुघल परंपरेत तयार झालेल्या या हातांनी ३०० हून अधिक चित्रे साकारली.

४. मेरीबाईंनी जिवंत मोनाल इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न केला; पक्षी प्रवासातच दगावले. पुढे १७९० मध्ये जॉन लेथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने मोनालला इम्पे यांचे नाव दिले. पहाडी लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ओळखत होते, त्याची ‘नोंद’ अशी झाली.

५. ‘लोफोफोरस’ म्हणजे तुरा धारण करणारा. हाच तुरा त्याच्या जिवावर उठला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील स्त्रियांच्या टोप्या सजवण्यासाठी भारतातून रंगीत पिसांची निर्यात होऊ लागली. १९०२ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. इकडे हिमाचलात टोपीवर मोनालचा तुरा खोवणे प्रतिष्ठेचे मानले जाई. शिकार होई ती नरांचीच, कारण चमकदार तुरा त्यांनाच.

६. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोनालला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. आज तो नेपाळचा राष्ट्रीय पक्षी आणि उत्तराखंडचा राज्यपक्षी आहे.

७. मालकिणीचे नाव विज्ञानाने कायमचे जपले. जैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास यांच्या नावाचा मात्र एकही पक्षी प्रसिद्ध नाही. त्यांची नावे शोधायची तर त्या चित्रांच्या कडेला लिहिलेला मजकूर वाचावा लागतो.