'बिना' : एका नावाचा प्रवास

कॅनडात टोरोंटो येथे स्थायिक झालेल्या आमच्या समाजबांधवांच्या प्रार्थनासंघाचे नाव 'बिना' असे आहे. 'बेने इस्राएल नॉर्थ अमेरिका' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते सिद्ध झाले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु बिना हे मुलीचेही नाव आहे, आणि आद्याक्षरांहून फार जुने आहे.

हिब्रूत 'बिना' म्हणजे समज. 'दरम्यान' या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी तिचे नाते आहे. दोन गोष्टींतील भेद ओळखणारी ती बुद्धी. मराठीत तिला 'विवेक' म्हणणे आम्हांस योग्य वाटते, कारण त्या संस्कृत शब्दाच्या मुळाशीही वेगळे करणे हाच अर्थ आहे. अमिदाच्या चौथ्या आशीर्वादात आपण नित्य हीच देणगी मागतो. शिवाय, देवाने फासळीपासून स्त्री घडविली हे सांगताना उत्पत्तीच्या पुस्तकात जे क्रियापद आले आहे, त्याच्या ध्वनीत रब्बींस 'बिना' ऐकू आली. पुरुषापेक्षा स्त्रीस बिना अधिक लाभली, असे तालमूदात म्हटले आहे. मुलाचे नवस तेरा वर्षांनंतर बंधनकारक, तर मुलीचे बारा वर्षांनंतरच, याचे कारण तेथे हेच दिले आहे. ज्यांच्या सभास्थानांत स्त्रिया माडीवर बसत आल्या, त्यांच्याच ग्रंथातील हे वचन आहे, हे विसरता कामा नये!

पूर्व युरोपातील यहुद्यांनी या नावास आणखी एक अर्थ जोडला. त्यांच्या यिद्दिश भाषेत 'बिन' म्हणजे मधमाशी, आणि दबोरा या नावाचा अर्थही तोच. म्हणून 'दबोरा बिना' असे जोडनाव त्यांच्यात रूढ झाले.

भारतातील बीना निराळी. ती वीणा, बंगालीत 'व'चा 'ब' होतो. 1953 च्या 'अनारकली' चित्रपटामुळे बीना रॉय हे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हा मुंबईच्या शेजाऱ्यांस या नावात सरस्वतीचे वाद्य ऐकू येई, आणि हिब्रू जाणणाऱ्यास विवेक. दोहोंचा उगम एक नाही, केवळ ध्वनी जुळला. (मराठीतील बिनचूक, बिनतक्रार यांतला 'बिन' तर त्याहून वेगळा, थट्टेखोर मामांस तेवढा पुरे.)

आमच्याकडे प्रार्थनेचे नाव एक आणि घरातले दुसरे, अशी रीत होती. परदेशी शाळेसाठी तिसरे शोधण्याचा मोह तेथील आईबापांस होतो. बिनास तिसऱ्याची गरज नाही. मात्र सोपे म्हणून ठेवलेल्या या नावाचा अर्थ मुलीस कोणी न सांगितल्यास तिच्या हाती केवळ उच्चार राहील. आणि तोही दुहेरी. घरी हाक मारताना जोर पहिल्या अक्षरावर येतो, हिब्रूत तो शेवटच्या अक्षरावर द्यावा लागतो.