व्यापारातील फसवणूक व तिचे नियंत्रण : लातूर-नांदेड

खरेदी-विक्रीच्या व्यवहारात एका पक्षाने दुसऱ्याच्या अज्ञानाचा, निकडीचा किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन त्याचे नुकसान करणे, म्हणजे व्यापारातील फसवणूक होय. ती सामान्यतः चार ठिकाणी शिरते : भाव ठरताना, मालाचे वजन व प्रत ठरताना, मध्यस्थ नेमताना आणि मोबदला हाती पडताना. मराठवाड्यातील लातूर व नांदेड या बाजारपेठांच्या इतिहासात या चारही प्रकारांची व त्यांवर योजलेल्या उपायांची उदाहरणे मिळतात. संगणकीय खेळांतील आभासी वस्तूंच्या अलीकडील व्यापारातही फसवणुकीची हीच ठिकाणे आढळत असल्याने या इतिहासाला आजही महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर हे पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० मध्ये सुरू होऊन नांदेड त्यावर आले, तर बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. त्यामुळे येथील कापूस, गळिताची धान्ये व डाळी दूरच्या बाजारांत जाऊ लागल्या. आठवडी बाजारात समोरासमोर होणाऱ्या विक्रीत विकणाऱ्याला भावाचा अंदाज असे. दूरच्या पेठेतील भाव मात्र आडत्याला व खरेदीदाराला आधी कळे आणि बैलगाडीत माल घालून आलेल्या शेतकऱ्याला तो सर्वांत शेवटी कळे. फसवणुकीचे बहुतेक प्रकार माहितीच्या या विषमतेतून उद्भवले.

भाव : महाराष्ट्राच्या अनेक भागांप्रमाणे येथेही भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. आडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हातात हात घेत व बोटे दाबून आकडा कळवीत. एकक, दशक की शतक हे संदर्भाने समजले जाई. एकामागून एक खरेदीदार आपला आकडा असा गुप्तपणे देत आणि शेवटी आडत्या सर्वोच्च म्हणून एक भाव जाहीर करी. इराणी आखातातील मोत्यांच्या व्यापारातही कापडाखाली हात धरून भाव ठरविण्याची अशीच रीत होती. या पद्धतीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाई, की दुसऱ्याचा आकडा ठाऊक नसल्याने प्रत्येक खरेदीदार आपला खरा भाव देतो. तथापि सर्वोच्च आकडा कोणता होता, हे मालाच्या धन्याला पडताळून पाहता येत नसे. आडत्याचा शब्द हाच त्याच्यापुढे एकमेव पुरावा असे. व्यापाऱ्यांमध्ये प्रचलित असलेल्या नंदभाषेसारख्या सांकेतिक बोलीमुळे हा पडदा अधिकच दाट होई.

जनावरांच्या बाजारातही हीच रीत होती. नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसराची लाल कंधारी व लातूर जिल्ह्यातील देवणी या गोवंशाच्या जाती प्रसिद्ध आहेत. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. या यात्रेत घोडे, उंट, गाढवे व गुरे यांची मोठी उलाढाल होते. अशा ठिकाणी धनी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दलाल उभा राही. दोघांना दोन वेगळे आकडे सांगून मधली रक्कम स्वतःकडे ठेवणे त्याला रुमालाखाली सहज शक्य होते. दाताळ पाहून जनावराचे वय ठरविणे आणि ते चालवून, औताला जुंपून पाहणे या प्रथा खरेदीदाराने अनुभवातून घेतलेल्या दक्षतेच्या निदर्शक होत.

वजन व कपात : पायली, शेर, मण, पल्ला व खंडी ही मापे सर्वत्र एकसारखी नव्हती. खरेदी एका मापाने व विक्री दुसऱ्या मापाने करण्यास त्यामुळे वाव मिळे. ठरलेल्या भावातूनही कडता, नमुना, धर्मादाय, हमाली, तोलाई व आडत अशा नावांनी कपात होई. यांतील काही कपाती सेवेबद्दल असत, तर काहींना रूढीखेरीज आधार नसे. नमुन्याच्या पोटलीवरून भाव ठरल्यावर प्रत्यक्ष माल हलक्या प्रतीचा असल्याचे सांगून भाव पाडणे, हाही एक जुना प्रकार होय. माल काट्यावर उतरविल्यानंतर तो परत गाडीत भरून नेणे शेतकऱ्याला परवडत नसे व खरेदीदारास याची पूर्ण जाणीव असे.

मोबदला व चलन : संस्थानात हाली शिक्का हे स्वतंत्र चलन होते, तर सीमेपलीकडे बार्शी-सोलापूरकडे ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया चाले. १९५० मध्ये भारतीय रुपया लागू झाला, तेव्हा सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा दर होता. हाली शिक्का १९५९ मध्ये कायदेशीर चलनातून बाद झाला. दोन चलनांत चालणाऱ्या व्यापारात बट्ट्याचा हिशेब ज्याला येत नसे, तो भाव बरोबर मिळूनही तोट्यात जाण्याचा संभव असे. याशिवाय पेरणीच्या वेळी घेतलेली उचल विक्रीच्या रकमेतून वळती होई. आडत्या हाच सावकार असल्यास शेतकऱ्याला दुसऱ्या दुकानी माल नेण्याचे स्वातंत्र्य उरत नसे. त्यामुळे केवळ सावध राहून फसवणूक टाळणे त्याच्या हाती नव्हते.

नियमन : या स्थितीवरील उपाय म्हणून नियंत्रित बाजाराची कल्पना पुढे आली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये असा पहिला कापूस बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ मध्ये रॉयल कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये कृषी बाजार कायदा केला. राज्यस्थापनेनंतर महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियम, १९६३ याने राज्यभर एकसारखी चौकट घालून दिली. उघड लिलाव, आडते-खरेदीदार-तोलणार यांना परवाने, अनधिकृत कपातींस मनाई, लेखी हिशेबपट्टी आणि विक्रीच्या दिवशीच रक्कम चुकती करणे, ही या व्यवस्थेची मुख्य अंगे होत. केंद्राच्या १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापे आली आणि वजनातील गोंधळ बराच कमी झाला. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजार योजनेत बोली संगणकावर नोंदली जाऊ लागली. रुमालाखालील आकडा अखेर पडद्यावर आणण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

मात्र नियमनाने फसवणूक संपली नाही. तिने जागा बदलली. सोयाबीन हे लातूर-नांदेडचे प्रमुख पीक झाल्यावर कपातीचा वाद कडत्यावरून आर्द्रतेवर आला. हमीभावाच्या खरेदीसाठी आर्द्रतेची मर्यादा १२ टक्के होती. २०२४-२५ च्या खरिपात केंद्राने ती सोयाबीनसाठी १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. बाजाराच्या आवाराबाहेर होणाऱ्या शिवार खरेदीत हमाली व वाहतूक वाचते. परंतु उधारीवर माल नेणारा व्यापारी परागंदा झाल्यास वसुलीचा मार्ग कठीण होतो. म्हणून परवाना, पावती व रोख रक्कम या तिन्हींची खातरजमा आवाराबाहेर विक्रेत्यालाच करावी लागते.

आभासी वस्तूंचा व्यापार : भ्रमणध्वनीवरील खेळांच्या प्रसाराबरोबर खेळातील नाणी, शस्त्रे, पोशाख व संपूर्ण खातीही विकली जाऊ लागली. ‘पबजी मोबाइल’ या खेळावर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली व जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती प्रसृत झाली. अशा व्यापाराला आवार नाही, तोलणार नाही आणि बाजार समितीही नाही. अनेक खेळांच्या करारानुसार वस्तूची मालकी खेळाडूकडे नसून त्याला केवळ वापराची परवानगी असते. त्यामुळे खेळाबाहेरील विक्रीत तक्रारीला मुळातच आधार कमी पडतो. आगाऊ रक्कम घेऊन वस्तू न देणे, विकलेले खाते मूळ ईमेलच्या आधारे परत ताब्यात घेणे, रक्कम भरल्याचे बनावट चित्र पाठविणे, परिचित मध्यस्थाचे सोंग घेणे आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर संकेतशब्द भरावयास लावणे, हे फसवणुकीचे प्रमुख प्रकार होत.

यांवरील दक्षता जुन्या बाजारातील दक्षतांशी जुळतात. खेळातच देवाणघेवाणीची सोय असल्यास व्यवहार तिच्यातूनच करावा. देवघेव पूर्ण होण्यापूर्वी पडद्यावरील वस्तूचे नाव व संख्या पुन्हा तपासावी. मध्यस्थाची ओळख त्याने दिलेल्या दुव्यावरून न पटविता स्वतंत्रपणे पटवावी. रक्कम जमा झाल्याची खात्री स्वतःच्या बँक खात्यात पाहून करावी. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. तो मागितला जात असल्यास पैसे येत नसून जात आहेत, असे समजावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळविणे हिताचे असते, कारण रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता असते. संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसविण्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

लातूर-नांदेडच्या अनुभवावरून असे दिसते, की व्यवहार उघड्यावर, मोजून, लिहून व त्याच वेळी पूर्ण होईल, तेवढा फसवणुकीस वाव कमी राहतो. शेतकऱ्याला ही हमी दीर्घकाळ मिळाली नाही आणि वर्षभराच्या श्रमाचे मोल रुमालाखाली ठरत राहिले. पुढे कायद्याने ती बाजाराच्या आवारात आणली. जेथे असे आवार नाही, तेथे या चार गोष्टींचा आग्रह प्रत्येक व्यवहारात स्वतः धरणे, हाच बचावाचा मुख्य मार्ग उरतो.