बुलडोझरची पुष्पिका

हस्तलिखित हाती आले की अभ्यासक आधी शेवटचे पान उलटतो. तेथे पुष्पिका असते. तीत लेखनिकाचे नाव असते, शक आणि तिथी असते. पण मुरलेला अभ्यासक तेवढ्यावर विसंबत नाही. लेखनिकाने समोरच्या प्रतीतला शकही जसाच्या तसा उतरवून ठेवला असेल, तर तो काळ या कागदाचा नसून त्याच्या पूर्वजाचा असतो. पाठचिकित्सेच्या वर्गात हे आपण सारे शिकलो वा शिकवले आहे. पंधरा-वीस टन लोखंडाच्या यंत्रालाही हीच शिस्त लागू पडते, हे मात्र आम्हांला बरेच उशिरा ध्यानात आले.

आरंभ नावापासूनच करावा लागतो, कारण 'बुलडोझर' हा शब्द यंत्राहून जुना आहे आणि त्याचे कूळ फारसे अभिमानास्पद नाही. १८७६ च्या सुमारास अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कृष्णवर्णीय मतदारांना चाबकाने फोडून काढून, धाक घालून मतदानापासून दूर ठेवण्याच्या प्रकाराला हे नाव पडले. बैलाला पुरेल एवढी 'मात्रा' देणे, अशी त्याची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. पुढे दांडगाई करणारा तो बुलडोझर, असा अर्थ रूढ झाला आणि मग तो शब्द माती ढकलणाऱ्या पात्याला चिकटला. १९२३ मध्ये कॅन्सस राज्यातील मॉरोव्हिल येथे जेम्स कमिंग्ज आणि अर्ल मॅक्लिऑड या दोघांनी ट्रॅक्टरपुढे असे पाते जोडून दाखवले. १९२५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. म्हणजे काटेकोर बोलायचे तर बुलडोझर हे पात्याचे नाव. मागे असतो तो साखळीपट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर. ही दोन स्वतंत्र 'पुस्तके' एका बांधणीत आलेली असतात, आणि जुन्या यंत्रांच्या बाबतीत होणाऱ्या निम्म्या चुका हा फरक विसरल्याने होतात.

उदाहरणादाखल कॅटरपिलरचीच यंत्रे घेऊ. बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत चाकांऐवजी पट्टे लावून पाहिले. त्यांची कंपनी आणि प्रतिस्पर्धी सी. एल. बेस्ट यांची कंपनी १९२५ मध्ये एकत्र झाली आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी जन्मली. १९३१ मध्ये तिचा पहिला डिझेल ट्रॅक्टर निघाला. दशकाच्या मध्याला 'आरडी' मालिका आली आणि दोन-तीन वर्षांत त्यातला 'आर' गळून डी-४, डी-६, डी-७, डी-८ ही आजही ओळखीची नावे उरली. गंमत अशी, की या नावाने काळ जवळजवळ काहीच कळत नाही. डी-८ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे; 'शिवचरित्र' एवढेच सांगून कोणते, कोणाचे आणि केव्हाचे हे जसे कळत नाही, तसेच.

खरी पुष्पिका म्हणजे अनुक्रमांक, आणि त्यातही त्याच्या आरंभीचा एक अंक व एक अक्षर. डी-८ च्या क्रमांकाला '१एच' लागले असेल तर यंत्र १९३५ ते १९४१ मधले. '८आर' असेल तर १९४१ ते १९४५. '२यू' असेल तर १९४५ ते १९५३. डी-७ वर '७एम' असेल तर १९४० ते १९४४, '३टी' असेल तर त्यानंतरचे दशक. काही उपसर्ग तर काळाखेरीज रुंदीही सांगतात. १९४७ पासूनच्या डी-४ मध्ये '६यू' म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांत ४४ इंच अंतर असलेला, आणि '७यू' म्हणजे ६० इंच अंतराचा. फीतपट्टी लावून वाचन पडताळता येते, ही सोय आमच्या पोथ्यांत नाही! उपसर्गापुढचा आकडा उत्पादनाचा क्रम सांगतो आणि त्यावरून वर्षापर्यंत पोहोचता येते.

परंतु यंत्रावर आकडे पुष्कळ असतात आणि ते सगळे खरे बोलत असले तरी एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. ओतीव लोखंडावर उठावाने आलेला ठळक क्रमांक नवख्याला पहिल्यांदा दिसतो. तो त्या सुट्या भागाचा असतो, यंत्राचा नव्हे. तोच भाग दहा वर्षे आणि तीन मॉडेलांत वापरला गेलेला असू शकतो. इंजिनावरचा क्रमांक त्या काळी ट्रॅक्टरच्या क्रमांकाशी जुळत असे. जुळला नाही तर इंजिन दुसऱ्या यंत्रातून आले, असे समजावे. रंगाचे तसेच. १९३१ च्या अखेरीस कंपनीने करडा रंग सोडून पिवळा स्वीकारला, त्यामुळे पापुद्र्याखाली करडा थर निघाला तर तो मोलाचा साक्षीदार ठरतो. वरचा पिवळा मात्र काल मालकाने मारलेला असू शकतो. आणि पाते? ते बहुधा लटर्नोसारख्या दुसऱ्याच कारखान्याचे, तारेच्या दोराने उचलले जाणारे. कॅटरपिलरने स्वतःची पाती १९४० च्या दशकाच्या मध्यापासून बनवायला घेतली. तेव्हा १९३८ च्या ट्रॅक्टरपुढे कंपनीचे स्वतःचे पाते दिसले, तर तो सरळ प्रक्षेप आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांना हा व्यवहार मुळीच अपरिचित वाटला नसता.

प्रक्षेप म्हणजे लबाडी, असे मात्र आम्ही मानत नाही. यंत्र चालते ठेवण्यासाठी कोणीतरी ते पाते बसवले, इंजिन बदलले. पेट्रोलवर चालणारे जे छोटे दोन सिलिंडरचे इंजिन आधी सुरू करून मग मोठे डिझेल इंजिन फिरवावे लागे, ते काढून पुढे कोणी बॅटरीचा स्टार्टर लावला. वापराचा हाही इतिहासच. आक्षेप आहे तो मूळ वस्तूविषयी केलेल्या दाव्याला.

असा सर्वांत लाडका दावा युद्धाचा. जुन्या डी-७ विषयी 'हा लढाईतला आहे' असे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याला दोष देणेही कठीण. पॅसिफिकमधल्या विजयाचे श्रेय अ‍ॅडमिरल हॉल्सी यांनी पाणबुडी, रडार आणि विमान यांच्या पंक्तीला बसवून बुलडोझरला दिले होते. आपल्याकडेही धागा आहे. आसामातील लेडोपासून चीनकडे जाणारा रस्ता अमेरिकन अभियंत्यांनी अशाच यंत्रांनी खोदला. पहिला ताफा जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून निघाला. युद्ध संपल्यावर मागे राहिलेले अमेरिकन ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील काँस गवताने गिळलेली जमीन मोडायला घेतली, आणि १९४९ मध्ये याच कामाच्या नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचे कर्ज आले. तेव्हा अशी कथा अशक्य नाही. पण '३टी' उपसर्गाचा काळ युद्धापलीकडे नऊ वर्षे पसरलेला आहे. पुढचा आकडा मोठा असला की कथा तेथेच संपते. आकडा लहान असला तरी यंत्र १९४४ चे एवढेच सिद्ध होते, ते लेडोला गेले होते हे नव्हे. कागद हवा, निदान तळाच्या थरात लष्करी हिरवा रंग तरी हवा.

ओळखीच्या या शिस्तीची आज एरवीही गरज आहे. गेल्या काही वर्षांत घरे पाडण्याच्या बातम्यांत 'बुलडोझर' हा शब्द रोज वाचावा लागला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा म्हणून घर पाडणे घटनाबाह्य ठरवले. छायाचित्रांत दिसणारे यंत्र बहुतेक वेळा चाकांवरचे, मागे खोदणारा हात असलेले असते, ज्याला महाराष्ट्रात सरसकट 'जेसीबी' म्हणतात. यंत्र म्हणून ते बुलडोझर नव्हेच. १८७६ चा अर्थ लावला, तर मात्र शब्द चुकला असे म्हणवत नाही.

असो. डॅशबोर्डाजवळची पाटी बहुधा गेलेलीच असते. तेव्हा यंत्राच्या मागे जावे, गिअरपेटीच्या कवचावरचा ग्रीसचा थर डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने घासावा आणि खडू आडवा फिरवावा. तेथे ठोकलेली अक्षरे पांढऱ्यावर काळी उमटतात. '८' आणि '३' यांत गफलत होते. दोनदा वाचावे, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून.